मधोमध आदिनाथ

१ सप्टेंबर २००४, लातूर
आजपासून कोलाज. अकरा वर्षं साठवलेली भूकंपाची कात्रणं, सहा बाय चारचं प्लायवूड. तीस तारखेला ओसरीतच प्रदर्शन. माणिकप्पाने क्लासचा हॉल दिला नाही. म्हणाला, सर, टेस्ट सिरीज चालू हाय. शाळेत याला ड्रॉइंगमध्ये नापास केलं होतं, बरंच केलं.

९ सप्टेंबर
धुरपताने भावाचं, आदिनाथचं, कात्रण दिलं. गेल्या वर्षीची दहाव्या पुण्यस्मरणाची जाहिरात. घरातले सगळे फोटो ढिगाऱ्यात गेले. उरलेला एक पेपरवाल्यांनी हरवला. आता एवढंच. मधोमध लावा अन् जपा, असं चारदा बजावलं. बायको मला शिकवणार!

११ सप्टेंबर
म्हणते, खळीनं चिकटवा, चुकलं तर भिजवून निघतं. चुकणाऱ्यांनी खळ वापरावी. सुताराकडून पांढरा गम आणला.

१८ सप्टेंबर, दुपार
चष्मा लावा म्हणून कटकट. कलावंताला नंबर लागत नाही.
शेजारची रजियाबी डोकावून गेली. तिचा वकार गेल्या वर्षी मेडिकलला लागला. तेव्हापासून माणिकप्पाच्या क्लासच्या जाहिरातीत रोज त्याचंच थोबाड. पेपर उघडायची चोरी!

२५ सप्टेंबर
आदिनाथ मधोमध बसला. घट्ट. खाली लाल रंगात माझी सही, रस्त्यावरून दिसेल अशी. वर चादर. तीस तारखेपर्यंत कुणी बघायचं नाही, धुरपताने तर नाहीच.

३० सप्टेंबर
लोक आले सात. चादर काढली, मधोमध हार घातला. रजियाबी किंचाळली. हा तर माझा वकार हाय, जित्या पोराला हार घालायलेत का सर, म्हणाली अन् हार ओढून फेकला. चष्मा लावला. वकारच. माणिकप्पाची जाहिरात कात्रणाच्या मागच्या बाजूला होती; तीच वर आली, आदिनाथ गमाखाली.
धुरपता ओरडली नाही. मग माझा आदिनाथ कुठं हाय, एवढंच विचारलं.

१ ऑक्टोबर
गरम पाणी केलं, ब्लेड घेतलं. वकारचा एक कान निघाला, खाली कागदाचा लगदा. धुरपताने ब्लेड हिसकावलं. फळी उचलली, उलटी करून भिंतीला टेकवली अन् कोऱ्या प्लायवूडवर बरोबर मधोमध हार लावला. म्हणाली, या बाजूनं तरी त्याचं तोंड माझ्याकडं हाय.
लाज वाटली.
सही भिंतीकडे गेली.