आळशी माणसाची मुलगी

अयोध्या नगर, भोपाळ
९ जानेवारी

ती. आई, लांबूनच नमस्कार.

तुझे डिंकाचे लाडू नागपूरहून नीट पोचले, आतली चिठ्ठीही: "खा, आळस जाईल."

मी बरी आहे. इथला कोहरा, म्हणजे आपलं धुकं, दुपारपर्यंत हटत नाही आणि मीही अंथरुणातून हलत नाही. पराग, तुझा गुणी जावई, स्वतःच डबा करून ऑफिसला जातो. सलग तिसरी थंडी अशी चाललीय, म्हणून परवा डॉक्टरांकडे गेले. थंडीत येणाऱ्या नैराश्याचा हा आजार घरात आधी कुणाला होता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, वडील नुसते आळशी होते."

बाबा थंडीत भिंतीकडे तोंड करून पडायचे, तेव्हा तू त्यांची रजई ओढायचीस आणि आम्हाला म्हणायचीस, "हसा रे या ऐतोबाला." मीच सगळ्यात मोठ्याने हसायचे.

हे लाडू वळून झाले आणि तू आडवी झालीस ती अजून उठली नाहीस, असं दादा काल फोनवर म्हणाला. तूही भिंतीकडेच तोंड करून पडतेस म्हणे. जेवतेस ना?

रजई ओढायला मी तिथे नाही. लाडू सगळेच परत पाठवतेय. खा, आळस जाईल.

तुझी, आणि बाबांचीही,
मंजूषा