शेपूट

प्रिय ताई,

तू ठेवलेलं 'घड्याळ' हे नाव मी अजून इमानेइतबारे चालवतो आहे. सकाळी उठतो, चहा करतो, कुंड्यांना पाणी घालतो, पेन्सिलींना टोक काढतो आणि खिडकीजवळच्या आपल्या टेबलाशी बसतो. चादरींवर छापायची नक्षी काढणारा माणूस असा वेळेवर बसायला लागला की तो कलावंत नव्हे, कारकून, असं तू चिडवायचीस. असू दे. कारकून निदान रोज हजर तरी असतो.

उठताना अजूनही शेपूट ठेवतो. बाबांनी आपल्या दोघांना लावलेली सवय ती. काम पुरं करून उठायचं नाही, वेलीचं एखादं पान अर्धं सोडायचं, म्हणजे उद्या बसल्या बसल्या हाताला धरायला काहीतरी असतं. पण तू माझ्या आधी उठून माझं शेपूट पुरं करून ठेवायचीस, तेही हमखास उलट्या बाजूला वळवून. नसती उठाठेव म्हणून मी दिवसभर धुमसायचो. खोडलं तर कागद खराब होणार, म्हणून सगळी वेल तुझ्या पानामागे वळवत न्यायची. त्यातल्याच एका पानाला कारखान्यातले लोक पक्षी समजले आणि ती पक्ष्यांची चादर वर्षानुवर्षं खपली. आपण दोघांनी ब्र काढला नाही.

तू भाच्याकडे राहायला गेलीस तेव्हापासून टेबल अख्खं माझं आहे. ब्रश कुणी पळवत नाही, खिडकी कुणी उघडत नाही. सकाळी पान जसं सोडलं होतं तसंच असतं, आणि मी ते कसं करणार हे मला आदल्या दिवशीच माहीत असतं. मागच्या आठवड्यात कारखान्याच्या नव्या साहेबाने माझे सगळे कागद परत पाठवले. काका, हे मागच्यासारखंच आहे, म्हणाला. एक नवीन नक्षी द्या, नाहीतर यापुढे काम देता येणार नाही. भाच्याच्या वयाचा पोरगा. आधी मस्तकात तिडीक गेली. मग कागद शेजारी शेजारी मांडले. त्याचं खरं होतं गं.

मग मी घड्याळच मोडून पाहिलं. दुपारी बसलो, स्वयंपाकघरात बसलो, दोन दिवस बसलोच नाही. नुसता आळस अंगात शिरला, नक्षी काही आली नाही. म्हणजे सवयीचा दोष नव्हता. रोज दार उघडून बसणं चांगलंच, पण कुणीतरी आत यायला नको का? ताई, मला फार एकटं वाटतं. फोनवर तू जेवलास का विचारतेस, मी हो म्हणतो, आणि आपण ठेवून देतो.

जाताना तू म्हणालीस की हात थरथरतो, आता तुझ्या कामात माझी लुडबूड नको. मी गप्प बसलो. तुला वाटलं असेल, बरं झालं म्हणतोय. म्हणून हे पत्र. सोबत घडी घालून नव्या नक्षीचा कागद पाठवतो आहे. वेल निम्मी झाली आहे आणि शेवटचं पान अर्धं सोडलं आहे. ते तू पुरं कर. कुठे वळवायचं ते मी सांगणार नाही, तू तरी कधी ऐकलंयस? रेषा थरथरली तर थरथरू दे. झाडावरचं पान तरी कुठे स्थिर असतं? साहेबाला सांगून टाकलंय, नक्षीला उशीर होईल, आमच्याकडे दोघं काम करतात. तोवर मी रोज टेबलाशी बसतोच आहे. फक्त पोस्टमन यायच्या वेळेला उठून दारात जातो, तेवढी सूट घड्याळाला दिली आहे.

तुझाच,
घड्याळ