तंबाखू मळू का, आबा?

आबा, मागच्या आठवड्यात जळगावातल्या एका फ्लॅटमध्ये भिंतीला सळई आणि सळईला कान लावून उभा होतो आणि मला काहीच ऐकू आलं नाही. पंखा बंद, फ्रीज बंद, घरातल्या सगळ्यांना गप्प बसवलेलं, अगदी तुम्ही करायचात तसं. भिंतीला पोपडे आलेले, रंगाला फुगे धरलेले. आत कुठेतरी पाणी चाललंय हे डोळ्यांना दिसत होतं, पण कानात सरकी-कापूस कोंबल्यासारखं झालेलं. मी सळई वीतभर डावीकडे सरकवली, पुन्हा कान लावला, आणि नकळत मागे वळून पाहिलं. मागे घरमालक उभा होता. तो म्हणाला, ‘‘काय हवंय?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही.’’ कोणाकडे पाहिलं ते जिना उतरताना कळलं. तुम्ही तसंच मागे पाहायचात. त्या पाहण्याचा अर्थ दोनच माणसांना ठाऊक होता, आणि त्यातला आता मी एकटा उरलोय. म्हणून हे लिहायला बसलो.

धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत. मी तिथे मशीनला तेल घालायचो. लग्न झालेलं, डोक्यावर छप्पर भाड्याचं, आणि मालमत्ता म्हणजे हे दोन कान. स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग कोरडं पडतंय ते मी सांगायचो. तुम्ही पाण्याची लाइन टाकायला आला होतात. खांद्यावरचा पाइप खाली ठेवून जरा वेळ पाहत राहिलात आणि विचारलंत, ‘‘काय आयकस रे भो?’’ मी म्हटलं, ‘‘बेअरिंग रडतंय.’’ तुम्ही हसलात. म्हणालात, ‘‘भिंत आयकशी का?’’ मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पुढच्या सोमवारी मी तुमच्या जळगावच्या घरी हजर होतो आणि तुमच्या घरच्या अक्का आतून ओरडत होत्या, ‘‘मनं लाटनं कोठे शे?’’ ते लाटणं अर्धं कापून तुम्ही सळईच्या टोकाला ठोकलेलं होतं. कानाला लोखंड टोचू नये म्हणून. अक्कांना तुम्ही शांतपणे सांगितलंत की पोळ्या बाटलीनेही लाटता येतात. त्यावर आतून जे उत्तर आलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हा आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे होतं? जळगावात दिवसाआड, उन्हाळ्यात त्याहून लांब, धुळ्याला तर विचारूच नका. दुसरे लोक पाण्याच्या दिवशी गळती शोधायला जायचे. त्या दिवशी घरात पिंपं भरतायत, मोटर लागलीय, वरच्या मजल्यावर बादल्या आपटतायत. तुम्ही म्हणायचात, ‘‘पानीना दिन बठ्ठी भिंत बोलस. आपू कोल्ला दिन जाऊत.’’ कोरड्या दिवशीही भिंत वाजली तर गच्चीवरच्या टाकीची लाइन फुटलीय, कारण तिच्यात पाणी कायम असतं. गप्प राहिली तर रस्त्यावरून येणारी. निम्मं काम इथेच व्हायचं. उरलेलं तुम्ही घरातल्या बाईला विचारून करायचात. पुरुष सांगायचा, ‘‘पूर्ण भिंत ओली आहे.’’ तुम्ही त्याच्याकडे पाहायचातही नाहीत. ‘‘माय, ओल पहिले कधी दिसनी? पानीना दिन का कोल्ला दिन?’’ मग ती सांगायची, की अमुक सणाच्या आदल्या दिवशी डाळीच्या डब्याला खालून बुरशी लागली, मी यांना तेव्हाच म्हटलं होतं. अर्धा तास यांचा उद्धार व्हायचा, आणि त्यात आपल्याला हवं ते सापडायचं. मोरीवर संशय असला की तुम्ही मोरीत नीळ ओतायचात आणि चहा मागवायचात. चहा संपेपर्यंत खालच्या घरात निळा डाग उतरला तर मोरी, नाहीतर पाइप.

तुमचे कान मंदावले हे मला तुमच्या आधी कळलं असावं. एकदा भिंत इतकी सणसणत होती की मी दारातून ऐकत होतो, आणि तुम्ही त्याच जागेवर सळई ठेवून पुढे निघालात. घरात माणसं उभी होती. त्यांच्यासमोर काय बोलणार? मी खिशातून तंबाखूची चंची काढली आणि म्हणालो, ‘‘तंबाखू मळू का, आबा?’’ तुम्ही थांबलात. माझ्याकडे पाहिलंत. सळई होती तिथेच खडूने फुली मारलीत आणि म्हणालात, ‘‘मळ.’’ फोडलं, तर बरोबर तिथेच सांधा कुजलेला. त्या दिवसापासून तसं ठरूनच गेलं. ठरलं म्हणजे आपण एका शब्दाने कधी बोललो नाही. तुम्ही सळई फिरवायची, अधूनमधून मागे पाहायचं, मी भिंतीला पाठ टेकून उभा राहायचं आणि जागा आली की तंबाखूचं विचारायचं. लोकांना वाटायचं, काय शौकीन माणसं आहेत, काम सापडलं की आधी तंबाखू. चार वर्षं तुमची एकही फुली चुकली नाही. रावेरपासून पारोळ्यापर्यंत लोक म्हणायचे की म्हातारा भिंतीच्या पोटातलं सांगतो. तुम्ही ते ऐकून घ्यायचात आणि माझ्या तळहातावरची तंबाखू चिमटीत उचलायचात. कौतुक तुमच्या वाट्याला जायचं, आणि खरं सांगतो, पहिली तीन वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. चौथ्या वर्षी वाटायला लागलं.

धुळ्याचं ते घर. तुम्हाला आठवायची गरज नाही, मला रोज आठवतं. शाळेत शिकवणाऱ्या तिथल्या अक्का, तळमजल्यावरचं घर, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल, रविवारी मुलीचा साखरपुडा. आपण गेलो तो बुधवार होता. अक्कांचा भाऊ कंत्राटदार, तोही आलेला. तुम्ही आत अक्कांना ओल कधी दिसली ते विचारत होतात तेव्हा त्याने मला अंगणात स्कूटरपाशी गाठलं. म्हणाला, ‘‘जळगावात तीन मजली बिल्डिंग काढतोय. प्लंबिंगचं सगळं एकाच माणसाला देणार. कान तुझे चालतात का त्यांचे, खरं सांग.’’ मी हसलो. ‘‘आबा आहेत ना,’’ म्हणालो. तो म्हणाला, ‘‘आबा आहेत तोवर तुला कसा बोलवू? बरं दिसत नाही.’’ एवढंच झालं. तो आत गेला, मी त्याच्या मागे गेलो.

आणि आत पाऊल टाकताच मला ऐकू आलं. न्हाणीघराचं दार उघडं होतं. तापल्या तव्यावर थेंब पडल्यासारखा आवाज, पण न थांबणारा, बंबाच्या मागून, खांद्याच्या उंचीवरून. टाकीची लाइन तिथे वळत होती. पाणी भिंतीच्या आतून पाइप धरून उतरत होतं आणि पलीकडे ओट्याखाली फुटत होतं. सळईची गरजच नव्हती. तुम्ही सळई लावलीत. ओट्याजवळून सुरुवात केलीत, मग न्हाणीघरात आलात, बंबामागे टोक टेकवलंत, कान लावलात आणि मागे पाहिलंत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. त्यावर गणपती होता. तुम्ही पुढे गेलात. परत आलात. पुन्हा त्याच जागी सळई, पुन्हा मागे पाहणं. या वेळी जरा जास्त वेळ. मी एकादशी कधी आहे ते वाचत होतो. तिसऱ्या खेपेला तुम्ही न्हाणीघरात आलाच नाहीत. ओल जिथे सगळ्यात जास्त दिसत होती तिथे, ओट्याखाली, खडूने फुली मारलीत. ती फुली वाकडी आली होती.

ओटा फोडला. कडप्प्याचे तीन तुकडे झाले. खाली पाइप अंगावरून ओला, पण धड. तुम्ही गुडघ्यावर बसून त्याला बोटाने चाचपत राहिलात. अक्का एकदम म्हणाल्या, ‘‘अहो आबा, रविवारी चाळीस पानं आहेत माझ्याकडे. मी चूल कुठे मांडू, अंगणात?’’ आणि भावाकडे वळून, ‘‘तुला म्हटलं होतं, वय झालंय त्यांचं.’’ तुम्ही उठलात. डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातलीत आणि म्हणालात, ‘‘चुकनू, अक्का.’’ तुमच्या तोंडून तो शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. तेव्हा मी पुढे झालो. ‘‘मी बघू का जरा?’’ असं अगदी नम्रपणे विचारलं. बंब बाजूला घेतला, सळई दोनदा उगीच इकडेतिकडे टेकवली, नाटक पुरं व्हावं म्हणून, आणि छिन्नीचा तिसरा घाव घातला तसं पाणी माझ्या तोंडावर आलं. कंत्राटदार टाळी देत म्हणाला, ‘‘याला म्हणतात कान!’’ तुम्ही पिशवीतून सांध्याला गुंडाळायचा ताग आणि सफेदा काढून माझ्या हातात दिलात. सांधा आपण दोघांनी मिळून बसवला. तुमचे हात नेहमीसारखेच चालत होते.

बिल्डिंग मला मिळाली. त्यामागून दुसरी मिळाली, मग दुकान, मग माणसं हाताखाली. मी बरा माणूस आहे असं लोक म्हणतात. हसतमुख आहे, दिलेल्या वेळेला जातो. तुम्ही मात्र त्या दिवसानंतर सळई हातात धरली नाहीत. तुमच्या अक्कांनी ती माझ्या घरी आणून दिली, म्हणाल्या, ‘‘त्यांनी धाडलीय. लाटनं परत मागत नही मी.’’ मी हसलो, त्या हसल्या नाहीत. त्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसने तुम्ही एकटेच धुळ्याला गेलात, गवंडी घेतलात, स्वतः पाट्या उचलल्यात आणि शनिवारी संध्याकाळी तिथल्या अक्कांचा ओटा उभा केलात, हे मला त्या धुळ्याच्या अक्कांकडूनच कळलं, तेही पाच वर्षांनी, त्यांच्याकडे नवा नळ बसवायला गेलो तेव्हा. तोवर तुम्ही जग सोडून गेला होतात. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रावेरला कामावर होतो. निरोप वेळेत पोचला होता. हातातलं काम अर्धं टाकता येत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. अर्धं टाकता येत होतं.

तुमच्याकडे यायला मला कोणी बंदी केली नव्हती. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत आलोही. एकदा तुम्ही ओसरीवर बसलेले दिसलात, एक हात कानामागे धरून, शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकायला. मी वळलो.

आता ते राहिलेलं सांगतो. धुळ्याहून परत येताना आपण एसटीत शेजारी बसलो होतो.  पारोळ्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर पाहतच विचारलंत, ‘‘तंबाखू शे का रे?’’ मी म्हटलं, ‘‘संपली, आबा. सकाळीच संपली.’’ तुम्ही मान हलवलीत, जणू दिवसभराचा हिशोब लागला. मग गर्दीतून वाट काढत खाली उतरलात. कंडक्टरने दोनदा घंटी मारली तरी आला नाहीत, आणि मीच ओरडून गाडी थांबवली. तुम्ही धापा टाकत आलात, तंबाखूची नवी पुडी आणि चुन्याची डबी माझ्या मांडीवर ठेवलीत. स्वतःसाठी चिमूटभरही घेतली नाहीत. ‘‘ठेव. पुढे कामले येई,’’ एवढंच म्हणालात आणि डोळे मिटलेत.

तुम्ही माझं ते ‘संपली’ खरं मानलंत की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. हा कागद सळईला गुंडाळून माळ्यावर ठेवून देणार आहे. तो पाठवायचा कुठे? पण एवढं तरी लिहून ठेवतो. माझी चंची त्या वेळी सदऱ्याच्या वरच्या खिशात होती, आबा, तुमच्या खांद्याला लागत होती. भरलेली होती.