लाखोरी खाता का?

सिहोरा, ९ जून १९८५

दिवसभरात दोनच माणसं! बाकीच्यांनी गुडघा दाखवायलाच नकार दिला. एक म्हातारा म्हणाला, "बाईमानसापुढं धोतर वर करू का जी?" त्याचं बरोबर आहे. पण मी काय करू? इंग्लंडात मज्जाशास्त्राची एम.एस्सी. करते आहे आणि ती आता पंधरा जणांच्या गुडघ्यांवर अडून बसली आहे. पंधरा माणसं तपासायची, पंधरा फॉर्म भरायचे. सहा ऑगस्टला परतीचं विमान. फॉर्म नाहीत तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर पदवी नाही. सरळ हिशेब.

मार्चमध्ये प्रोफेसरबाईंनी वर्गात चित्रं दाखवली. लाखोरीची डाळ महिनोन्‌महिने पोटभर खाल्ली, दुसरं काही मिळालंच नाही, की पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशी मरतात. पाय ताठतात. माणूस टाचा उचलून, पायात पाय घालत चालतो. सगळे वहीत उतरवत होते. मी नाही उतरवलं. अशी माणसं मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून बघते आहे — बाजारात, देवळापाशी, आमच्या अंगणात! आम्ही म्हणायचो, वारं लागलं. मी हात वर करून सांगितलं, माझ्या गावात आहेत अशी माणसं. सगळा वर्ग वळून बघायला लागला. काय ऐट वाटली होती तेव्हा!

१२ जून

बाबूजींनी तुलारामला माझ्याबरोबर दिलं. तुलाराम म्हणजे आमचा दिवाणजी. मजुरांची हजेरी, मजुरीचं वाटप, सगळं त्याच्या हातात. त्यानं एक हाक मारली की लोक ओट्यावर येऊन बसतात. धोतरंही वर होतात. एका दिवसात सहा फॉर्म! हे आधीच करायला हवं होतं.

१३ जून

बेबीमावशी तुमसरहून आली होती. म्हणाली, "लग्नाच्या वयात पोट्टी लोकायचे गुडघे पायत फिरून रायली. कोन करन वो इले?" बाबूजी हसले. म्हणाले, "इंग्लंडवाले करतीन." अभिमान आहे त्यांना लेकीचा. फार आहे.

१६ जून

अकरा झाले. पण सातवा प्रश्न! "लाखोरी खाता का?" अकराच्या अकरा जणांनी सांगितलं, "नाही जी. भात खातो." पहिल्या दोघांनी माझ्याकडे बघितलं होतं; आता विचारलं की आधी तुलारामकडे बघतात, मग जमिनीकडे, मग — नाही जी.

रोज भात खाणारी माणसं अशी असतात? बरगड्या लांबूनच मोजता येतात. पण फॉर्मवर मी काय लिहू? जे सांगितलं तेच लिहिलं. या फॉर्मांवरून उद्या कुणी सिद्ध करील की लाखोरी खाऊन काही होत नाही. आणि खाली माझी सही!

प्रोफेसरबाईंना सगळं कळवलं.

१९ जून

आज जागेश्वर. दोन काठ्या टेकत आला. आमच्याच शेतावर होता तो, पाय जाईपर्यंत. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ताडकन उडाला, या रोगात उडतो तसा. मी लिहायला लागले तर म्हणतो कसा, "अजून दोनदा मारा जी ताई. आराम वाटते."

त्याला वाटलं, हातोडी म्हणजेच औषध! तुलाराम खो खो हसला. मी हसले नाही. अजून दोनदा मारली. मेलेली मज्जापेशी परत येत नाही, याला जगात कुठेच औषध नाही, हे मला माहीत आहे. त्याला सांगायचं धाडस झालं नाही. भित्री आहे मी.

त्याला घरी न्यायला धाकटा भाऊ आला, हिरालाल. वय बावीस. चांगला उंचनिंच, आमच्या धानाच्या बांधीत सगळ्यांच्या पुढे चालणारा. गंमत म्हणून त्याच्याही गुडघ्यावर ठोकलं. पाय इतका जोरात उडाला की मी दुसऱ्या गुडघ्यावरही ठोकून बघितलं. तोही तसाच. विचारलं तर म्हणाला, पोटऱ्या वळतात. चिखलातून पाय उचलताना जड होतो.

ही सुरुवात आहे. आत्ता लाखोरी बंद झाली तर हिरालाल आहे तिथेच थांबेल, चालता राहील. नाही झाली तर दोन काठ्या.

त्यालाही विचारलं. "लाखोरी? नाही जी."

२० जून

हिरालाल. बावीस.

४ जुलै

प्रोफेसरबाईंचं उत्तर आलं. लिहितात, आहाराची नोंद खरी नसेल तर तुझ्या हातात फक्त लंगड्या माणसांची यादी आहे. खरंच आहे. पंधराची यादी पुरी झाली काल. पंधरा वेळा "नाही".

परत गेले नाही तरी चालेल, असं आज पहिल्यांदा मनात आलं.

७ जुलै

तुलाराम तापानं निजला आहे. एकटीच गेले जागेश्वरच्या घरी. त्याची आई, कौशल्याबाई, चुलीपाशी होती. तव्यावर पिवळसर भाकर. वास ओळखला मी. म्हटलं, "ही लाखोरीची ना?"

"हो जी."

"मग त्या दिवशी जागेश्वर नाही का म्हणाला?"

"तुलाराम संगं असन तं कोन सांगन ताई? तोच तं मोजून देते."

"काय मोजून देतो?"

"लाखोरी. मजुरीची."

"कुणाकडून?"

बाईनं भाकर उलटायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करते आहे असं वाटलं असेल तिला. "तुमच्याच घरून तं भेटते जी."

मला माहीत नव्हतं? खोटं कशाला लिहू इथे! आमच्या कोठीत लाखोरीचे ढीग असायचे. लपाछपीत मी त्यांच्यामागे लपायची. आमच्या ताटात ती कधी आली नाही. मग ती जाते कुठे, हे मी कधी विचारलं नाही. शिकायला सातासमुद्रापार गेले आणि घरच्या कोठीत डोकावले नाही! आणि वर तुलारामला बरोबर घेऊन दारोदार विचारत फिरले — लाखोरी खाता का?

८ जुलै

बाबूजींशी कडाक्याचं भांडण. मी तोंडाला येईल ते बोलले. ते आधी ऐकत राहिले. मग म्हणाले, "गेल्या साली धान पुरा मेला. बिनपाण्यानं लाखोरीच तेवढी उभी रायली. ते नसती तं अर्धं गाव भुकेनं मेलं असतं. मी वाटली म्हून जगले लोक. तवा तुयं मज्जाशास्त्र कुठं होतं?"

त्यांचंही खोटं नाही. 

मग त्यांना हिरालालचं सांगितलं. जागेश्वरला मी काही देऊ शकत नाही बाबूजी, पण हिरालाल अजून चालतो आहे, असं म्हटलं. मी रडायला लागले. ते उठून बाहेर गेले.

११ जुलै

तीन दिवस झाले, बाबूजी मला बघितलं की ताटावरून अर्ध्यात उठतात.

मी एकटीच घरोघर फिरून सातवा प्रश्न पुन्हा विचारला. फॉर्म इंग्लंडात जाणार, मालकाला दाखवणार नाही, असं सांगितलं. पंधराही जण "हो" म्हणाले. किती महिने, किती भाकरी, सगळं सांगितलं. प्रबंध झाला म्हणायचा! आनंद शोधते आहे, सापडत नाही.

१५ जुलै

बाबूजी सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. फॉर्म हातात घेतले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण नावं मी मराठीत लिहिली होती, एकेका नावावर बोट थांबत होतं. मग म्हणाले, "धानाच्या रोवणीपासून मजुरी तांदळाची देतो. लाखोरी बंद." आणि गेले.

मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. सुचलंच नाही.

२३ जुलै

रोवणी जोरात आहे. आज पहिली मजुरी वाटली — कांडलेला तांदूळ! तुलारामचं तोंड बघण्यासारखं होतं. हिरालालला बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं. पोटऱ्या का वळतात, जागेश्वरला काय झालं, लाखोरी का सोडायची. तो मान हलवत होता. "हो जी ताई. हो जी." तांदूळ धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेला.

निदान एक माणूस. पंधरा लिहिले, एक वाचवला. बरं वाटतं असं लिहायलाही भीती वाटते.

४ ऑगस्ट

परवा विमान. बाजारात गेले होते, हिरालाल भेटला. डोक्यावर पोतं. विचारलं, काय घेतलंस? पोतं खाली उतरवून मोठ्या खुशीनं पोत्याचं तोंड उघडून दाखवलं. लाखोरी!

"यंदा लय जमलं जी ताई! घरी आठ तोंडं, तांदूळ कितीक दिस पुरन? इथं एका पायली तांदळाले दोन पायली लाखोरी भेटली. पुरा पावसाळा निघते आता. मालकाले माया राम राम सांगजा, लय उपकार झाले."