मुखपृष्ठावरचे बाबा

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. इथे मला मरायला फुरसत नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही, कारण आमचं संगीताचं मासिक चालायला लागलंय. मी अंकाचं रूप बदललं तेव्हा मालक कपाळाला हात लावून बसले होते. एवढी कोरी जागा कशाला सोडलीस, कागद काय झाडाला लागतो का, असं रोज विचारायचे. आता स्टॉलवाले आपला अंक वरच्या फळीवर मांडतात, आणि कोरी जागा ही माझीच कल्पना असं मालक येईल-जाईल त्याला सांगतात.

वाचक अंकाचं काय करतात ते कळलं की अंक कसा हवा तेही कळतं. आपले निम्मे वाचक तो हातात धरतच नाहीत, वाजवताना समोरच्या स्टँडवर ठेवतात. म्हणून स्वरलिपी आता समोरासमोरच्या दोन पानांत बसवतो, वाजवता वाजवता पान उलटायला नको. अक्षर मोठं ठेवलंय. मैफलींची परीक्षणं लोक आडवे पडून वाचतात, तिथे बारीक चालतं. आणि मुखपृष्ठ कापून भिंतीला लावतात. एका शाळेच्या संगीताच्या खोलीत आपली मुखपृष्ठं ओळीनं लावलेली पाहिली आणि बाहेर येऊन मी उगाचच एकटा हसत उभा राहिलो.

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबरचा अंक बाबांवर आहे. खिडकीपाशी व्हायोलिन वाजवतानाचा तो जुना फोटो मुखपृष्ठावर घेतलाय. मूळ फोटोत ते पानाच्या बाहेर बघतात. चेहरा बाहेर बघत असला की बघणाऱ्याची नजरही बाहेर जाते आणि अंक परत फळीवर जातो. आता बाबा आत बघतात, मासिकाचं नाव बरोबर त्यांच्या नजरेसमोर येतं. कसं केलं ते विचारू नकोस, ती आमच्या धंद्यातली गंमत आहे.

प्रुफं सोबत आहेत. तुझी नजर फिरल्याशिवाय माझा एकही अंक छापायला गेलेला नाही, आणि हा तर घरचाच. शाई मात्र वाळू देत जा. तू डाव्या हातानं लिहितेस आणि लिहिलेलं पुसत पुढे जातेस. छापखान्यातले विचारतात, ताई आमचे लेख वाचून रडतात का.

एक सांगतो, हसू नकोस. व्हायोलिन सोडून हे काम धरलं तेव्हापासून बाबा मला चित्रं चिकटवणारा म्हणतात. हा अंक बघून ते एकदा तरी बरं म्हणाले, तर मला बाकी काही नको.

बाबांना साष्टांग नमस्कार. तुझा लोभ आहेच, प्रुफं वाचताना तो जरा जास्त असू दे.

तुझा धाकटा


९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रुफं तपासून परत पाठवली आहेत. चुका फार नाहीत. तुझ्या परीक्षकानं एका गायिकेचा गळा एकाच परिच्छेदात पुन्हा पुन्हा मखमली केलाय, तो मी एकदाच ठेवलाय. वाचकांच्या पत्रांचं पान मात्र मागे ढकलू नकोस. तुला कोरी जागा आवडते, पण लोक आधी तेच पान उघडतात. कुणी कुणाला काय सुनावलं ते वाचून झाल्याशिवाय कुणी स्वरलिपीकडे वळत नाही. मीही त्यातलीच.

अंकाचं आपल्याला काही पडलेलं नाही असं बाबा दाखवतात. टपाल आलं की मात्र शिकणाऱ्याला व्हायोलिनचा गज तसाच धरून उभा राहायला सांगतात आणि दारापर्यंत येतात. शिकवणी अजून चालू आहे. पुढच्या खोलीत दिवसभर तेच तेच सूर आणि मधूनच त्यांचं मनगट, मनगट म्हणून ओरडणं. आताशा त्यांची बोटं नीट मिटत नाहीत, त्यामुळे ओरडणं वाढलंय.

बाबांवरचा तुझा लेख वाचला. चांगला झालाय. त्यात एक वाक्य आहे की बाबांनी शिकायला आलेल्या कुणालाही कधी परत पाठवलं नाही. तिथे माझी पेन्सिल थांबली. मी आठ वर्षांची असताना त्यांनी माझ्यासाठी लहान व्हायोलिन आणलं होतं. मी गज डाव्या हातात घ्यायचे. ते काढून उजव्या हातात द्यायचे, मी पुन्हा डाव्यात घ्यायचे. हट्ट नव्हता, हातच तसा जायचा. शेवटी ते म्हणाले की ओळीनं बसलेल्या वादकांत एक गज उलटा आला तर शेजाऱ्याचा डोळा जाईल. व्हायोलिन पेटीत गेलं. पुढे त्याच व्हायोलिनवर तू शिकलास. तू लहान होतास, तुला ते तुझंच वाटलं असणार.

वाक्य तसंच ठेवलंय. लेख तुझा आहे, मी कोण बदलणार. मुखपृष्ठाबद्दल मला काही सांगायचं नाही. छापा.

जेवणाची हयगय करू नकोस. माझे आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते वेगळे मागावे लागत नाहीत.

ताई


२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाईट आलंय, समजून घे. अंक स्टॉलवर जाऊन आठवडा होत नाही तोच सगळं अंगावर आलं. चेहरा आत वळावा म्हणून मी फोटो उलटा केला होता, आरशात दिसतो तसा. चेहऱ्याबरोबर हातही उलटले. जन्मभर उजव्या हातानं गज ओढलेले बाबा मुखपृष्ठावर डाव्या हातानं वाजवतायत. गाणाऱ्यांचे फोटो मी कितीदा तरी उलटवलेत, कुणाला काही कळलं नाही. त्याच सवयीनं व्हायोलिन वाजवणाऱ्याचा उलटवून बसलो, आणि तेही बाबांचा.

पत्रांचा पाऊस पडलाय. एकानं लिहिलंय की संगीताच्या मासिकाला कान नसले तर आम्ही चालवून घेऊ, डोळे तरी असावेत. ज्यांच्या वाद्यवृंदात बाबा इतकी वर्षं वाजवत होते ते प्रमुख स्वतः आले, अंक मालकांच्या टेबलावर ठेवला आणि तसेच परत गेले. मालकांनी पुढच्या अंकात पहिल्याच पानावर माफी छापायचं ठरवलंय. मुखपृष्ठ माझ्याकडून काढून एका नव्या चित्रकर्तीला दिलंय. मला जाहिरातींची पानं लावायला बसवलंय.

हे मी सोसेन. बाबांचं काय ते कळव. जमलं तर अंक त्यांच्या हाती पडू देऊ नकोस. आणि रागावू नकोस ताई, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या नजरेला एक साधी मात्रा चुकलेली खुपते, मग हे कसं सुटलं?

तुझ्या लोभाची आज खरी गरज आहे.

धाकटा


७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सुटलं नाही. पाकीट उघडल्याबरोबर दिसलं. स्वयंपाक तसाच टाकला, मुखपृष्ठ टेबलावर भिंतीला टेकवून उभं केलं आणि समोर बसले. बाबांच्या डाव्या हातात गज, उजव्या खांद्यावर व्हायोलिन. मला जमायचं अगदी तसं. कुणाचा डोळाबिळा गेलेला नव्हता. फार देखणे दिसत होते.

तरी पेन्सिल घेतली होती. फोटो उलटा आहे एवढंच लिहायचं होतं. आधी लेख वाचून संपवू म्हटलं आणि ते वाक्य समोर आलं. मग लिहावंसं वाटेना. एकदा तरी त्यांनी स्वतःला तसं बघावं, चारचौघांसमोर बघावं, आणि त्यांना मी आठवावी, एवढंच माझ्या मनात होतं. तुझं काय होईल हेही मनात आलं होतं. आलं आणि मी ते बाजूला सारलं. खोटं कशाला बोलू.

तुझाही राग आलाय मला. इतकी वर्षं त्यांच्यासमोर उभा राहून शिकलास. त्यांच्या हनुवटीची रेघ तुला दिसली, पानावर जागा किती उरते ते दिसलं, आणि गज कुठल्या हातात आहे ते दिसलं नाही. माझ्याकडून काढून जे तुला दिलं, ते तू इतकं पुसून टाकलंस. मी मात्र कुठल्याही अंधारात ओळखलं असतं.

अंक लपवायला उशीर झालाय. शिकायला येणाऱ्यांपैकी एकानं काल आणून दिला. बाबांनी चष्मा लावून खूप वेळ बघितला आणि उशाशी ठेवून दिला. अजून काही बोललेले नाहीत. मी वाट बघतेय.

आशीर्वाद वर लिहिलाय. लोभाबद्दल तू ठरव.

ताई


१२ सप्टेंबर

ताई,

तुझं जे काही होतं ते बाबांशी होतं. ते तू माझ्या पोटावर पाय देऊन फेडलंस. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. माझ्या हातात पेटी दिली, मी घेतली. ती कुणाची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तूही नाही. सांगितलं असतंस तर त्या वयात मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, पण निदान या वयात फोटो तरी सरळ लावला असता.

आज दिवसभर तारांच्या आणि शिकवण्यांच्या जाहिराती लावल्या. नवी चित्रकर्ती येऊन म्हणाली की चेहरा आत वळवायची तुमची युक्ती छान होती, फक्त माणूस चुकला. तिच्या मनात वाईट नव्हतं.

तुला पुन्हा कधी प्रुफं पाठवावी लागणार नाहीत, कारण माझ्याकडे पाठवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी एक विचारतो. बाबा काही बोलले का? गोड करून लिहू नकोस, आणि कडूही करू नकोस.

पुढचं पुढे बघू.

धाकटा


२० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबा बोलले. तू म्हणालास तसं, माझं काही न घालता लिहिते.

सकाळी कुणी जुने शिष्य भेटायला यायचे होते म्हणून मी बाबांना नवा शर्ट घालत होते. अंक पलंगावर होता. तो त्यांनी मांडीवर घेतला आणि पानं चाळली. म्हणाले, अक्षर मोठं केलं हे बरं केलं, गज खाली न ठेवता वाचता येतं. कोरी जागा सोडलीय तीही चांगली, डोळ्याला विसावा मिळतो. चित्रं चिकटवायची तर अशी चिकटवावीत. पोरगा कामाचा निघाला, असं म्हणाले. अगदी हेच शब्द. तुझ्या मालकांनाही ते पत्र लिहिणार आहेत की पोराला छळू नका.

मी त्यांना मुखपृष्ठ दाखवलं. न राहवून दाखवलं, कारण पानं चाळताना त्यांनी ते मागे दुमडलं होतं. फोटो उलटा आहे, दिसलं का, असं विचारलं. ते हसले. म्हणाले, दिसलं ना, पण त्यात त्याचा काय दोष. आपल्या घरात डावखुरं कधी कुणी नव्हतंच. असतं तर त्याला चटकन कळलं असतं.

तेव्हा मी त्यांच्या बाहीचं बटण लावत होते, डाव्या हातानं. ते माझ्या हाताकडेच बघत होते. एक बाही झाल्यावर त्यांनी दुसरी पुढे केली, मी तिचंही लावलं.

तुला हवं होतं ते तुला मिळालं, ते नीट जपून ठेव. माझ्यावरचा राग उतरला नाही तरी चालेल, पण पत्र लिहीत जा. या घरात मला ओळखणारं दुसरं कुणी नाही.

ताई