पट्टीवरच्या दोन खुणा

४ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं. उजवा गेला, डावा वर्षभर पुरेल. सुतारकाम थांबवलं आणि रंधा शेजाऱ्यांना देऊन टाकला.

सोबत कागद आहे. कोणत्याही कोनाचे तीन सारखे भाग, फक्त पट्टी आणि कंपास घेऊन. वीस वर्षं लागली. नऊ वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर तू म्हणालीस की हे कुणालाच, कधीच जमणार नाही, तसं सिद्ध झालंय. तेव्हापासून आपण एकमेकांना फक्त हवापाणी कळवतो. मला राग आला तो तू कागद न बघता बोललीस म्हणून. आता तू गणित शिकवतेस, तर मुलांच्या वह्या तपासतेस तसा हा तपास. बापाची कीव करून बरोबर म्हणालीस तर मला कळेल.

तुझे,
बाबा

१९ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्यांचं वाचून रडू आलं. मग कागद घेऊन बसले. चूक सापडणारच, या गुर्मीत होते. सापडेना. भाग तंतोतंत सारखे. बाबा, मी दोनदा मोजून पाहिले.

मग तुमची ओळ पुन्हा वाचली, ‘पट्टी नेहमीसारखी सरकवावी.’ म्हणजे कशी, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. पण मी तुमच्या लाकडाच्या भुशात वाढले. तुम्ही पट्टीवर पेन्सिलीच्या दोन खुणा करता आणि त्या जागी बसेपर्यंत ती सरकवता. या कोड्यात पट्टी कोरी लागते, खूण चालत नाही. कोऱ्या पट्टीने हे अशक्यच आहे. खुणेच्या पट्टीने जमतं आणि तुमचं जमलंय. ही रीत फार पूर्वी कुणाला तरी सापडली होती, तेही लपवत नाही.

तेव्हा कागद न बघता बोलले. माझं चुकलं.

लोभ आहेच, राग उरला असेल तर सोडावा.
ठकी

२ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. खूण केल्याशिवाय पट्टी हातात धरतात, हेच मला ठाऊक नव्हतं. आणि म्हणे जगाच्या पाठीवर कुणाला जमत नाही.

संध्याकाळी शेजारणीकडून पत्र पुन्हा वाचून घेतलं. नेहमीसारखी म्हणजे कशी, हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. तुला कळलं.

पट्टी तुझ्यासाठी काढून ठेवलीय. टपालाने पाठवणार नाही, येऊन घेऊन जा. डावा डोळा आहे तोवर ये. कागद पुष्कळ बघितले, आता तुला बघायचंय.

वाट पाहणारे,
बाबा