माझ्या मालकीची नसलेली खाडी आणि बाकीची मिळकत

मी, श्रीमती जनी अनंता चोगले, धंदा मासळीविक्री, राहणार बोरबंदर कोळीवाडा, रेवदंड्याजवळ, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. माझे दीर दादू चोगले यांचं मत वेगळं आहे. त्याचं कारण पुढे येईल.

१. राहतं घर मुलगा हितेश आणि मुलगी पूर्वी यांना निम्मं निम्मं. हितेश रेवसच्या धक्क्यावर तिकिटं देतो, पूर्वी पनवेलला नर्स आहे. अंगणाच्या मधोमध असलेलं तारेचं कुंपण माझ्या मिळकतीत धरू नये. ते दादूने घातलेलं आहे.

ते का घातलं, हे सांगितल्याशिवाय पुढची वाटणी कळायची नाही.

वरच्या शहराचं सांडपाणी आणि एका कारखान्याचं रंगीत पाणी आमच्या खाडीत उतरत होतं. माझे यजमान कंबरभर पाण्यात उभे राहून जाळं लावत. शेवटच्या दिवसांत त्यांच्या पायांना फोड येत. त्यांच्या माघारी दादू मासळी आणी आणि मी विकत असे. एकदा नेहमीच्या गिऱ्हाईक बाई शिजवलेलं कालवण डब्यात घालून परत घेऊन आल्या. "जनीबाई, तुम्हीच वास घ्या." रॉकेलसारखा वास होता. मला बाजारात मान वर करवेना.

मग सरकारची खाडीसुधार योजना आली. कुलदीपसाहेब नावाचे तरुण अधिकारी सभेत म्हणाले, सांडपाणी शुद्ध करू, कारखान्यावर नजर ठेवू, पाणी कसं आहे ते दाखवणारा बोर्ड धक्क्यावर लावू, पण मासळी पुन्हा वाढेपर्यंत आतल्या भागात जाळं बंद. सगळे हात खाली. मी माझा वर केला. मागून विकणाऱ्या बायांचेही वर गेले, आणि ठराव झाला.

दादू उभा राहिला. "वैनी, तू आमचीच ना गो? मंग आमी खावाचा काय? ह्यांचा बोर्ड?"

"वासाची मासळी मी इकणार नाय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कुंपण आलं. दादूला छोटी होडी घेऊन बाहेरच्या समुद्रात जावं लागलं, हे मी विसरलेली नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचं असलं की माझ्या बोक्याला सांगतो. बोका माझ्यापेक्षा जास्त ऐकून घेतो.

धक्क्यावर खरोखरच बोर्ड लागला. लाल म्हणजे पाणी वाईट, पिवळं म्हणजे बरं, हिरवं म्हणजे चांगलं. साहेब दर महिन्याला पाण्याच्या बाटल्या भरून नेत आणि लालच पाटी लावत. गावात त्याला 'जनीचं कुंकू' म्हणू लागले. एका पावसाळ्यात वरून गोडं पाणी उतरलं आणि बोर्ड हिरवा झाला. लगेच मोठे साहेब आले, एकमेकांना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले. दिवाळीला पाणी पुन्हा काळं. हिरवीच पाटी राहू द्या, असा वरून फोन आला. कुलदीपसाहेबांनी शिडी मागवली. शिडीवर चढून त्यांनी लाल पाटी लावली. शिडी मी धरली होती.

"साहेब, नारळ परत मागतील काय?"

"मावशी, तो आम्ही खाल्ला."

त्या पाटीची बातमी झाली, चौकशी लागली आणि कारखान्याची नळी बंद झाली. साहेबांची बदली म्हसळ्याला झाली, हेही लिहून ठेवते. गेल्या वर्षी बोर्ड पिवळा झाला आणि टिकला. जाळंबंदीच्या हद्दीबाहेर, खाडीच्या तोंडाशी, दादूला जिताडा मासा लागला. त्याने तो कुंपणाला टांगला आणि बोक्याला सांगितलं, "वास घेवाला सांग तिला." मी घेतला. खाडीचाच वास होता, दुसरा कसलाच नाही.

२. मासळीची पाटी, कोयता आणि वजनकाटा पूर्वीला. तिला सुई टोचता येते, मासा कापता येत नाही.

३. बँकेतली ठेव दोघांना सारखी.

४. खाडीसुधार योजनेच्या गावसमितीतली माझी खुर्ची कोणाला देता येत नाही, असं कळवण्यात आलं आहे. जो बसेल त्याने सभेत झोपू नये. बिस्किटं चांगली असतात.

५. माझ्या अस्थी खाडीत सोडू नयेत. पाणी आत्ता कुठे पिवळ्यावर आलं आहे. रेवदंड्याच्या पुढे समुद्रात न्याव्यात, आणि प्लास्टिकची पिशवी परत आणावी.

६. यजमानांची मोठी होडी मी दादूच्या नावाने लिहिली होती. पण साक्षीदार म्हणूनही मला तोच हवा होता. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे शंका निघतात, असं वकील पूनमताईंनी सांगितलं. म्हणून आज दादूला बोलावून त्याच्यापुढे दोन्ही गोष्टी ठेवल्या, होडी किंवा सही. त्याने खिडकीतून होडी एकदा बघून घेतली. पूनमताईंनी पुन्हा विचारलं.

"होडी हितेशला द्या," तो त्यांना म्हणाला. मग पेन मागितलं आणि माझ्याकडे वळला. "वैनी, सही करतंय. पन एवढ्यात मरू नको."

त्याप्रमाणे होडी हितेशला. दादूच्या विनंतीवर माझा विचार चालू आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

स्थळ: बोरबंदर कोळीवाडा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: जनी अनंता चोगले (सही)

साक्षीदार:
१. कुलदीप सदा पाटील, मुक्काम म्हसळा, खास रजा काढून हजर (सही)
२. दादू कोंडाजी चोगले, नाते: दीर (सही)